समुद्राला जायचं, तर तिथी बघून

भाऊबीज उरकली की सातारा-सांगलीच्या गाड्या घाट उतरायला लागतात. साताऱ्याकडच्या उंब्रज-पाटणवरून कुंभार्ली घाटाने, सांगलीकडच्या कोल्हापूर-मलकापूरवरून आंबा घाटाने, मालवणला निघालेल्या गगनबावड्यावरून. शनिवारी दुपारी गणपतीपुळे नाहीतर तारकर्ली, रविवारी दुपारचं जेवण झालं की परतीचा रस्ता. एवढ्या दीड दिवसात पाणी भरपूर दिसतं. त्या पाण्यात, चिखलात, खडकांच्या फटीत जे राहतं ते मात्र फारसं कुणाच्या नजरेला पडत नाही.

गर्दीला कंटाळून निघालेला माणूस पुन्हा गर्दीतच जाऊन पडतो, याला नुसती वाढलेली माणसं कारण नाहीत. सगळे एकाच वारी, एकाच तासाला, त्याच चार-पाच पुळणींवर उतरतात, आणि तो तास बहुतेक वेळा चुकलेला असतो. आपण सुट्टी बघून निघतो. किनाऱ्यावरच्या जिवांचं खाणंपिणं, लपणं, बाहेर येणं चंद्राच्या वेळेवर चालतं. म्हणून आमचं म्हणणं असं, की घाटावरच्या माणसाने समुद्राची सहल तिथी बघून ठरवावी. शाळांनी, सहली काढणाऱ्यांनी आणि किनाऱ्यावरच्या ग्रामपंचायतींनीही किती माणसं, कुठे आणि कधी, हे त्याच हिशेबाने बांधून घ्यावं.

हिशेब अवघड नाही. कोळ्यांच्या तोंडी तो पिढ्यान्‌पिढ्या आहे: तिथीची पाऊणपट करायची, येईल तो आकडा पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी ३ला भरती आणि पहाटेही ३च्या सुमारास. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी, म्हणजे सकाळी सव्वानऊला. अष्टमीला भरती सकाळ-संध्याकाळ ६ला, ओहोटी ऐन दुपारी. अमावास्या-पौर्णिमेला भरती सव्वाअकरा ते बाराच्या दरम्यान, ओहोटी सकाळी सहाच्या आसपास. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. हे गणित मुंबईकडच्या पाण्याला जास्त जुळतं. रत्नागिरी-मालवणला भरती सुमारे तासभर आधी येते, आणि खाडीत जितकं आत जावं तितकी उशिरा. तेव्हा तारीख धरायला भिंतीवरचं कॅलेंडर, आणि नेमक्या वेळेसाठी भारतीय सर्वेक्षण विभागाचं भरती-ओहोटीचं कोष्टक.

दुसरी गोष्ट उधाण आणि भांगाची. अमावास्या-पौर्णिमेच्या पुढेमागे पाणी सर्वांत वर चढतं आणि सर्वांत खाली उतरतं, ते उधाण. अष्टमी-नवमीला चढउतार कमी होतो, तो भांग. सूर्य-चंद्राची ओढ एका रेषेत आली की एकवटते, काटकोनात आली की एकमेकींना कमी करते, एवढंच त्यामागचं कारण. आणि उधाणाची सर्वांत खोल ओहोटी नेमक्या पौर्णिमेला न येता बहुधा एक-दोन दिवस मागाहून येते.

आता हे सगळं एकत्र धरलं तर एक फार कामाची गोष्ट हाती लागते. शुद्ध किंवा वद्य प्रतिपदा ते चतुर्थी या चार दिवसांत ओहोटी खोलही असते आणि सकाळी सहा ते नऊच्या दरम्यान, कोवळ्या उन्हात येते. भाऊबीज म्हणजे द्वितीया. त्या संध्याकाळी घाट उतरणाऱ्याला तृतीया-चतुर्थीच्या दोन सकाळी महिन्यातल्या उत्तम ओहोट्या मिळतात. होळीपासून रंगपंचमीपर्यंतचे दिवसही तसेच, आणि त्या वेळी कासवांची पिल्लंही बाहेर पडत असतात. मुहूर्त हातात असतो, पण सकाळी सातला बहुतेक मंडळी खोलीवर चहाची वाट बघत असतात आणि दहाला, पाणी निम्म्याहून वर चढल्यावर, किनाऱ्यावर येतात.

त्या वेळी काय चुकतं ते सांगतो. राजापूर तालुक्यातल्या आंबोळगडासारख्या खडकाळ किनाऱ्यावर तृतीयेला सकाळी सातला उभं राहिलं की खडकांवर पट्टे दिसतात, जणू कुणी रेघा मारून वाटे केलेत. वरच्या कोरड्या पट्ट्यात हरभऱ्याएवढ्या काळ्या गोगलगाई फटीत दाटीने बसलेल्या. त्याखाली खडकाला सिमेंटसारखी चिकटलेली कालवं, धारदार कडांची. त्याच्याही खाली हिरवं-तपकिरी शेवाळ आणि मधेमधे साठून राहिलेली डबकी. डबक्याच्या कडेला, पाण्याबाहेर, वाळूचे कण चिकटलेला जेलीसारखा गोळा दिसतो. कुणी त्यावर पाय देईल इतका बिनमहत्त्वाचा. तसाच गोळा दोन बोटं पाण्याखाली असला की तो उघडतो आणि त्याच्या कडेने बारीक बोटांची झालर हलायला लागते. ते समुद्रफूल. नाव फुलाचं असलं तरी तो प्राणी आहे, आणि त्या झालरीच्या डंखाने तो बारीक कोळंबी पकडून खातो. शेजारी एक शंख चालत जातो, त्यात गोगलगाय नसून खेकडा असतो. त्याचं पोट मऊ, कवच नसलेलं. वाढेल तसा त्याला मोठा रिकामा शंख शोधावा लागतो. आपण पिशवी भरून जे रिकामे शंख घरी आणतो ते याची पुढची घरं असतात.

इथे काही पथ्यं पाळावी लागतात. घट्ट बसणारे रबरी तळाचे बूट घालावेत, चप्पल नको. हिरव्या शेवाळावर पाय टाकू नये, उघड्या खडकावर टाकावा. दगड उचलला तर होता तसाच, त्याच बाजूने ठेवावा, कारण त्याच्या खालच्या अंगाला चिकटलेले जीव उन्हात अर्ध्या तासात वाळतात. निमुळत्या तोंडाचा, नक्षीदार, कोनासारखा शंख जिवंत असेल तर हातात घेऊ नये; त्याच्या विषारी काट्याचा डंख जिवावर बेतू शकतो. आणि पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी पोचावं, नंतर तासाभरात परत फिरावं. पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. पहिला तास माणसाला गाफील ठेवतो, आणि तिसऱ्या तासात मागची वाट पाण्याखाली जाते.

पुळणीवर चारचाकी घालणाऱ्यांची फसगतही याच बाराच्या गणितात होते. ओहोटीची ओली वाळू सिमेंटच्या रस्त्यासारखी टणक दिसते. वरचा थर दबलेला असतो, खालची वाळू पाण्याने भरलेली असते. गाडी थांबली, वळवताना चाक फिरलं, की वरचा थर फुटतो आणि चाक स्वतःच खड्डा खणत जातं. अॅक्सिलेटर वाढवला की गाडी पोटावर बसते. ट्रॅक्टर बोलवेपर्यंत तिसरा तास उजाडतो. गाडीचं खारं पाणी धुऊन काढता येतं. चाकाच्या चरीत सापडलेलं कासवाचं पिल्लू मात्र बाहेर येऊ शकत नाही, आणि दबलेल्या वाळूखालची खेकड्यांची बिळं बुजतात. किनाऱ्यावरच्या प्रत्येक गावाने पुळणीवर उतरणारी गाडीवाट दगड टाकून बंद करावी. ट्रॅक्टर आणि होड्या न्यायला एक फाटक, आणि त्याची किल्ली गावाकडे, एवढं पुरे.

पोहण्याबद्दल सांगली-साताऱ्याच्या लोकांना कळकळीने सांगावंसं वाटतं. कृष्णेच्या घाटावर लहानपणापासून पोहलेला माणूस स्वतःला पट्टीचा पोहणारा समजतो, आणि नदीत तो असतोही. समुद्रात ती सवय घात करते. लाटा किनाऱ्याकडे पाणी लोटत राहतात, ते साचलेलं पाणी एखाद्या खोलगट चरातून परत आत जातं. त्या चरावर लाटा कमी फुटतात, म्हणून नेमकी तीच जागा नवख्याला शांत वाटते आणि तो तिथे उतरतो. ओढ लागली की माणूस किनाऱ्याच्या दिशेने हात मारत राहतो आणि दमतो. नदीत कसं, प्रवाह तिरका कापून समोरचा काठ गाठायचा असतो. इथे किनाऱ्याला समांतर पोहत चराच्या बाहेर यायचं आणि मग फुटणाऱ्या लाटांबरोबर आत यायचं. तेही जमेना तर नुसतं तरंगत राहायचं आणि हात वर करायचा. गावकरी ज्या जागी उतरू नका म्हणतात तिथे गुडघाभर पाण्यातही जाऊ नये.

कासवांचं सांगायचं तर सातारकरांचं वेळासशी जुनं नातं आहे. वाईजवळ मेणवलीला ज्यांचा वाडा आहे त्या नाना फडणवीसांचं मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं वेळास. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली आणि पुढे कासव महोत्सव उभा राहिला. आज दापोलीतलं आंजर्लेही त्यासाठी ओळखलं जातं. मादी रात्री पुळणीवर येते, मागच्या पायांनी दीडेक फूट खोल, सुरईसारखा तळाशी फुगलेला खड्डा खणते आणि शंभर-सव्वाशे अंडी घालून निघून जाते. कुत्री, कोल्हे आणि चोर यांच्यापासून वाचवायला ती अंडी कुंपणातल्या तशाच खोलीच्या खड्ड्यात हलवतात. हे काही तासांतच करावं लागतं. उशीर झाला आणि अंड्याची वरची बाजू खाली गेली तर आतला जीव मरतो. पुढे ४५ ते ६० दिवस वाळूची ऊब. थंडीत दिवस वाढतात. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त निपजतात, गार राहिली तर नर.

पिल्लं निघायच्या आधी घरट्यावरची वाळू किंचित खचते. त्यावर टोपली पालथी घातलेली असते. सकाळी टोपली उचलली की कधी काहीच नसतं, कधी खाली चार सेंटीमीटरची काळी पिल्लं एकमेकांवर चढत असतात. ती पाण्यापासून थोड्या अंतरावर वाळूत सोडतात, कारण ते अंतर त्यांनी स्वतः चालून जायचं असतं. माणसाच्या टाचेचा खळगा त्यांच्यासाठी विहीर असते. म्हणून दोरीच्या आत पाय टाकायचा नाही, आणि फ्लॅश तर नाहीच. पिल्लू उजेडाकडे वळतं, आणि समुद्रावरच्या उजेडाऐवजी मोबाईलकडे वळलेलं पिल्लू दमून मरतं. जानेवारी २०२२ मध्ये वेळासला एका मादीवर उपग्रह टॅग बसवला आणि तिला ‘प्रथमा’ नाव दिलं. ओडिशात २०२१ मध्ये टॅग केलेली एक मादी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. पूर्व किनाऱ्यावरची कासवं वेगळी आणि आपली वेगळी, या समजाला त्या एका मादीने धक्का दिला.

यात फसवणूक होते ती अपेक्षेने. शनिवारी संध्याकाळी गेलो आणि पिल्लं नाही दिसली, म्हणून चिडणारे लोक असतात. निघण्याआधी गावात फोन करून एकच विचारावं: पन्नास-पंचावन्न दिवस पूर्ण होणारी घरटी कोणत्या तारखांना आहेत? त्या धरून दोन मुक्काम करावेत, म्हणजे चार वेळा टोपली उचलताना बघता येते.

सांगलीकरांना मगर नवी नाही; भिलवडी-औदुंबरच्या कृष्णेत ती आहे आणि तिची धास्तीही आहे. तीच मगर भीती न बाळगता, होडीतून बघायची तर चिपळूणला गोवळकोटच्या धक्क्याखाली वाशिष्ठीची खाडी आहे. तिथे पंचमी-षष्ठी गाठावी. सकाळी साडेनऊ ते अकराच्या सुमारास पाणी उतरलेलं असतं, चिखलाचा काठ उघडा पडतो आणि हिवाळ्याच्या उन्हाला मगरी वर येऊन पडतात. भरतीत गेलात तर नुसती हिरवी झाडी. आणि त्या होडीखालचं पाणी निम्मंशिम्मं आपलंच असतं: कोयनेच्या शिवाजीसागरातून पोफळीच्या वीजघरांवर पडून ते वाशिष्ठीला मिळतं. कृष्णा लवादाने त्यासाठी वर्षाला ६७.५ टीएमसी पश्चिमेकडे वळवायला मुभा दिली आहे. पाटण तालुक्यातला पाऊस दाभोळच्या खाडीत कांदळवनाची मुळं भिजवतो, हे आपल्याकडच्या पोरांना भूगोलाच्या पुस्तकापेक्षा त्या होडीत चटकन कळेल.

मालवणच्या पाण्याखालचं मात्र उलट. तिथे भांग चांगला. अष्टमी-नवमीला ओढ कमी, गाळ कमी ढवळतो, पाणी त्यामानाने नितळ राहतं. १९८७ मध्ये तिथलं २९.१२ चौरस किलोमीटर क्षेत्र सागरी अभयारण्य झालं. प्रवाळावर उभं राहून फोटो काढणं आणि माशांना पाव टाकणं, या दोन गोष्टी सोडल्या तरी पुष्कळ वाचेल. डॉल्फिनच्या फेऱ्यांत ‘दाखवलेच पाहिजेत’ ही गिऱ्हाइकाची अट घातक आहे. त्या अटीपायी चार होड्या एका कळपाला घेरतात. पैसे फेरीचे द्यावेत, दर्शनाचे नाही. इंजिन मंद करून पन्नासेक मीटरवर थांबायला सांगावं. जिज्ञासा असेल तर डॉल्फिनच जवळ येतो.

हे नीट पाहिलं तर लक्षात येतं की वाईट तिथी अशी नसतेच. प्रतिपदा ते चतुर्थी खडकांची, पंचमी-षष्ठी खाडीची, अष्टमी मालवणची. ‘आम्हाला शनिवार-रविवारशिवाय सुट्टी नाही’ ही अडचण खरी आहे, पण सात दिवसांत तिथी साधारण सातने पुढे जाते. हा शनिवार खडकांचा नसेल तर तो बहुधा दुसऱ्या कशाचा तरी असतो, आणि पुढे काही आठवड्यांत खडकांचाही येतो. एवढं धरून लोक निघाले तरी गर्दी आपोआप विखुरते.

आपोआप सगळंच होणार नाही, म्हणून संख्येची मर्यादा हवी. फुलांच्या कास पठारावर हे सातारकरांनी करून पाहिलं आहे. २०१२ मध्ये पश्चिम घाट जागतिक वारशात गेल्यावर पठारावर लोटलेली माणसं फुलं तुडवायला लागली, आणि ऑनलाइन नोंदणी, शुल्क, दिवसाला ३००० माणसांची मर्यादा हे सगळं आसपासच्या गावांच्या समित्यांच्या हातून उभं राहिलं. कुरकुर झाली, पण फुलं उरली आणि गावच्या पोरांना हंगामाचा पगारही मिळाला. कासवांच्या गावांनी एका टोपलीभोवती किती माणसं उभी राहतील ते ठरवावं, आणि तेवढीच नोंदणी घ्यावी.

‘मर्यादा घातली तर कोकणातल्या माणसाच्या पोटावर पाय येईल’ असं म्हणतात. आम्हाला उलट वाटतं. शनिवारी चाळीस माणसं आणि सोमवार ते गुरुवार शुकशुकाट, अशा धंद्यात माणूस शनिवारच्या हिशेबाने खोल्या बांधतो, कर्ज काढतो, शोषखड्डा विहिरीच्या जवळ आणतो, आणि बाकीचे दिवस रिकाम्या खोल्यांचं व्याज भरतो. तीच चाळीस माणसं आठवडाभर विभागली तर आठ-दहा माणसांच्या सोयीत घर चालतं. आणि पाणी? कोकणात धो-धो पाऊस पडतो, पण जांभ्यातून तो वाहून जातो आणि एप्रिलमध्ये विहिरी तळाला लागतात. माण-खटाव, आटपाडी, जत इथल्या माणसाला टँकरची वाट बघणं म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. त्याने तरी कोकणातल्या घरी समुद्रातून आल्यावर एकच बादली वापरावी.

प्रवासाचंही थोडं. ऊसतोडीच्या हंगामात, नोव्हेंबर ते मार्च, कराड-पाटण काय नि सांगली-कोल्हापूर काय, रस्त्यावर रात्री दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर असतात आणि मागे लाल दिवा असेलच असं नाही. रात्री निघण्यापेक्षा आदल्या दुपारी निघून संध्याकाळी गावात पोचावं. जून-जुलैत समुद्र टाळावा; १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या ओढून ठेवलेल्या असतात, आणि घाटात दरडी.

राहता राहिल्या शाळा. डिसेंबर-जानेवारीत आपल्या दोन्ही जिल्ह्यांतून एसटीच्या प्रासंगिक करारावर सहली निघतात. गाडी मिळेल ती तारीख, रात्रीचा प्रवास, आणि पन्नास मुलं दुपारी बाराला पुळणीवर. शिक्षकांचा सगळा जीव मुलं पाण्यात जाऊ नयेत यात गुंततो, आणि काही मुख्याध्यापक आता समुद्रच नको म्हणतात. ती भीती रास्त आहे. पण उतरत्या पाण्यात, सकाळी, खडकांवर दहा-दहाच्या गटाने फिरणाऱ्या मुलांना पोहायचा मोह होत नाही. डबक्यातला खेकडा बघायला ती बसलेली असतात. त्यासाठी नवा निधी लागत नाही. सहलीच्या परवानगीचा प्रस्ताव आणि पालकांचं संमतीपत्र यांत आज ठिकाण, तारीख, वाहन आणि शिक्षकांची नावं असतात. त्यात तारखेच्या शेजारी आणखी दोन रकाने असावेत: तिथी, आणि त्या किनाऱ्यावरची पूर्ण ओहोटीची वेळ. ते रकाने कोरे असतील तर प्रस्ताव परत पाठवावा.